रेष झेरॉक्सची, रंग ज्याच्या त्याच्या हाताचा



"जलरंग रस्त्यावर टिकत नाहीत. चळवळीला टिकणारं काम हवं." गेल्या दोन वर्षांत हे वाक्य आम्हाला तीन प्रकारच्या लोकांनी ऐकवलं. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्याच पोरांनी, जयंती मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि आमच्या वस्तीतल्या एका पेंटरकाकांनी. पहिल्या दोघांशी आमचं भांडण आहे. काकांचं म्हणणं आम्ही ऐकलं, कारण त्यांचा मुद्दा रंगाच्या आयुष्याचा नव्हताच. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आधी आपल्या भिंती पाहू. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री कुठल्याही वस्तीच्या नाक्यावर उभे राहा. फ्लेक्स टांगण्याचं काम चालू असतं. वर बाबासाहेब, खाली पंचवीस-तीस चेहरे, त्यातला सगळ्यात मोठा चेहरा पैसे देणाऱ्याचा. निळा रंगही सगळीकडे तोच, कारण फाइल तीच. आम्ही जयंतीच्या फ्लेक्सला नावं ठेवायला बसलेलो नाही. आमच्या मंडळानेही लावले आहेत, आमचेही चेहरे त्यावर आले आहेत, बरंही वाटलं आहे. पण फ्लेक्स आला आणि हातानं रंगवणारे गेले, याचा हिशोब आपण कधी मांडला नाही. आमचे काका पासपोर्टएवढ्या फोटोवर पेन्सिलीने चौकटी पाडायचे, त्याच प्रमाणात भिंतीवर दोरीने चौकटी आखायचे आणि ऑइल पेंटने आठ-आठ फुटांचे बाबासाहेब उभे करायचे. आठवडा लागायचा. तो आठवडाभर वस्तीतली पोरं शिडीखाली उभी राहून बघत असायची. चष्म्याची काच कशी दिसते, कोटाच्या घडीत सावली कुठे पडते हे त्या पोरांना फुकटात कळत होतं. फ्लेक्स रात्री येतो, पहाटे टांगलेला असतो. त्यात बघायला शिकण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या भिंती महापालिकेच्या. स्वच्छ शहर स्पर्धेच्या वर्षी आमच्या वस्तीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर वारली चित्रं आली. विटकरी ॲक्रिलिकवर पांढरे नाचणारे लोक, शेवटी 'सुंदर शहर' वगैरे. ठेकेदाराचे रंगारी होते, वारली माणूस एकही नव्हता. गंमत बघा, मूळची वारली चित्रं तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक यांनी शेणामातीच्या भिंतीवर काढलेली. म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, डिंकाचा चिकटपणा, उघडी भिंत. लग्न झालं, काही वर्षं गेली, चित्र फिकं झालं, भिंत पुन्हा सारवली. टिकाऊपणाची अट त्या बायकांनी कधी घातली नव्हती. ती ठेकेदाराने घातली, आणि भिंतीच्या पलीकडे आम्ही राहतो हे त्या टिकाऊ रंगाने नीट झाकून टाकलं.

आमच्यातल्या कुणाला वाटेल, पाण्याचा रंग म्हणजे दिवाणखान्याचा नाजूक मामला. महाराष्ट्रात तसा समज व्हायला कारण आहे. इथली जलरंगाची परंपरा मोठी आहे. हळदणकरांची हातात दिवा घेतलेली बाई आजही लोक म्हैसूरला जाऊन बघतात. नदीचे घाट, वाडे, देवळांचे कळस, पावसाळी डोंगर हे सगळं कॅलेंडरवरून आणि चित्रकलेच्या पुस्तकांतून आपण पाहत आलो. आम्ही पाहिलेल्या त्या चित्रांत महारवाडा नव्हता, मांगवाडा नव्हता. घाट होता, पण त्या घाटावर पाणी भरायला कुणाला बंदी होती ते नव्हतं. त्यात रंगाचा दोष नाही. कुठे उभं राहून बघायचं हे चित्रकाराच्या जातीने आणि गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याने ठरवलं होतं.

आणि पाण्यातला रंग भिंतीवर नसतोच म्हणणाऱ्यांनी एकदा अजिंठ्याला जावं. मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, तो सुकल्यावर सरस किंवा डिंकात कालवलेले रंग. आजच्या पेटीतल्या पारदर्शक रंगासारखे ते नाहीत, पण जात पाण्याचीच. निळा दगड अफगाणिस्तानातून आणलेला. ही चित्रं आपल्या लेण्यांत दीड हजार वर्षं राहिली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या काळात ती 'टिकावीत' म्हणून लाखेचा रोगण चढवला, तो पिवळा पडला. तो पिवळेपणा काढत बसण्याचं काम पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर आलं. टिकवण्याच्या हौसेची अशीही किंमत असते.

आता पॉप आर्टकडे येऊ, कारण आपल्या तरुणांचा खरा ओढा तिकडे आहे. चार चौकोन, चार भडक रंग, चारही चौकोनांत बाबासाहेब. टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, गाडीच्या टाकीवर. ही रचना कुठून आली? १९६२ साली ॲंडी वॉरहॉलने मेरिलिन मन्रोचा एकच प्रसिद्धी-फोटो स्क्रीन प्रिंटने पुन्हा पुन्हा छापला, वर सपाट भडक रंग. ती नुकतीच वारली होती. साबणाचा डबा, सूपचा डबा आणि नटीचा चेहरा बाजारात एकाच फळीवर येतात, हे त्या छापण्यातून दिसत होतं. तो बाजाराला हसत होता की बाजारात सामील होता यावर अजून वाद चालतो. आम्हाला वाटतं दोन्ही. पण तीच चौकट उचलून आपण बाबासाहेबांना त्यात बसवतो, तेव्हा आपण नेमकं काय म्हणतो? की हाही एक ब्रँड?

घाईने 'बाजारीकरण' म्हणून मोकळंही होऊ नये. चित्राची नक्कल हजारो घरांत जाणं ही आपल्याकडे वॉरहॉलच्या भरवशावर आलेली गोष्ट नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर स्टॉलवरून घेतलेली तसबीर, बिल्ला, कॅलेंडर यांनीच बाबासाहेब पत्र्याच्या घराघरात नेले. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक, वर केलेलं बोट. अर्धा किलोमीटरवरून ओळखू येणारी ही आकृती आपल्या लोकांनी घडवली, आणि तिची ताकद सपाट असण्यातच आहे. सपाट चित्र घोषणेचं काम करतं. ते तपशील सांगू शकत नाही, एवढंच. अमक्या गल्लीत नळाला पाणी का येत नाही, हे चार रंगांच्या बाबासाहेबांना विचारता येत नाही.

वॉरहॉलचंच अजून एक चित्र आहे, 'रेस रायट'. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये पोलिसांनी काळ्या आंदोलकांवर कुत्रे सोडले, चार्ल्स मूर यांनी त्याचे फोटो काढले. वॉरहॉलने ते फोटो घेऊन रंगीत छापे केले. त्यातला १९६४ चा एक २०१४ साली लिलावात सहा कोटी डॉलरच्या वर गेला. ज्याची पँट कुत्र्याने फाडली त्या माणसाचं त्यात काय? त्याच दशकात ओकलंडमध्ये एमरी डग्लस हा तरुण ब्लॅक पँथरच्या वर्तमानपत्राची चित्रं काढत होता. पैसा नाही म्हणून काळा आणि सोबत एखादाच रंग, जाड रेषा, लाकडी ठशासारखी. भाडं उकळणारा घरमालक उंदराच्या तोंडाचा, आणि गरीब आई मान ताठ करून उभी. ही पानं वस्तीच्या भिंतींवर चिकटवली जायची. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच संघटनेचं नाव घेऊन, हे आपण दर वेळी भाषणात सांगतो. नाव घेतलं, चित्र घ्यायचं राहिलं.

राहिलं म्हणजे अगदीच नाही. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं बांधलेला माणूस काढला. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ च्या 'भीमायन'मध्ये बाबासाहेबांचं आयुष्य काढलं, आणि त्यातला पहिलाच भाग पाण्याचा आहे. पण ही कामं गॅलरीत आणि पुस्तकांत आहेत. नाक्यावर फ्लेक्स आहे.

तर जलरंग का? सर्वात साधं कारण: ते आपल्याकडे आधीच आहेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येक पोराच्या घरात रंगांची एक अर्धी वाळलेली पेटी असते. आमच्या अभ्यासिकेत, म्हणजे विहाराच्या मागच्या खोलीत, एका रविवारी पोरांना पेट्या आणायला सांगितल्या तर चौदा निघाल्या. स्मरणचित्र सगळ्यांना येत होतं. जत्रा, बाजार, बसस्टँड, पावसातली छत्री. आम्ही म्हटलं, आपली गल्ली काढा. पहिल्या दिवशी पोरांनी झोपडी, नारळाचं झाड आणि मागे दोन डोंगर काढले. आमच्या वस्तीत नारळाचं झाड नाही. डोंगर तर नाहीच नाही. परीक्षेने त्यांना जे आठवायला शिकवलं तेच त्यांना आठवलं.

तिसऱ्या रविवारी आठवीतल्या एका मुलीने सार्वजनिक संडास काढला. रात्रीचा. दाराच्या जागी ओढणी धरून एक बाई उभी, दुसरीच्या हातात मोबाइलचा टॉर्च. आमच्याकडे बायकांच्या बाजूच्या सहा संडासांपैकी तिघांना दारं नव्हती आणि हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. अर्ज गेले होते, अर्जांचे पोचशिक्के आमच्या फायलीत होते. चित्र पाहून खोलीत जी शांतता झाली ती एकाही अर्जाने झाली नव्हती. त्या पोरीने काय केलं होतं, तर सगळा कागद गडद निळ्या-काळ्या पाण्याने भरला आणि टॉर्चच्या उजेडाची जागा कोरी ठेवली. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच उजेड असतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पांढऱ्या रंगाची वडी संपली होती, म्हणाली.

ते चित्र रस्त्यावर कसं न्यायचं, हा प्रश्न होता, आणि इथे 'टिकत नाही'वाले अर्धे बरोबर आहेत. जलरंगात रंगाची पूड डिंकाने धरलेली असते. ती वाळली तरी पाणी लागलं की सुटते. ॲक्रिलिक वाळल्यावर प्लॅस्टिकसारखं होतं, ते सुटत नाही. शिवाय जलरंग पारदर्शक, त्यामुळे सिमेंटच्या करड्या भिंतीवर थेट लावला तर दिसतच नाही. म्हणून कागद. पण मूळ चित्र खळ लावून चिकटवलं तर पोरीचं चित्र गेलं, आणि एक चित्र लावून काय होणार?

इथे वॉरहॉल कामी आला, पण मेरिलिनवाला नाही, त्याच्या आधीचा. १९५० च्या दशकात तो जाहिरातीसाठी बुटांची चित्रं काढायचा. १९५४ मध्ये त्याने मांजरांचं एक पुस्तक काढलं. रेषा छापलेल्या, आणि रंग हाताने, पातळ जलरंगी शाईने. मित्रांना बोलवायचा, सगळे बसून प्रती रंगवायचे. पॉप आर्टचा हा बाप सुरुवातीला पाण्याच्या रंगांनी आणि दहा जणांच्या हातांनी काम करत होता, हे आपल्या डिझायनर मित्रांना सहसा माहीत नसतं.

आम्ही तेच केलं. त्या मुलीने आपल्याच चित्राची काळ्या पेनने नुसती रेषा काढून दिली. नाक्यावरच्या दुकानातून तिच्या ए-थ्री आकाराच्या साठ झेरॉक्स काढल्या. लेझर झेरॉक्सची काळी पूड कागदावर भाजून बसलेली असते, वर पाणी लावलं तरी पसरत नाही. (इंकजेटवर हा प्रयोग करू नका, आमचे वीस कागद चिखल झाले.) मग खोलीत सतरंजीवर बसून पोरं, त्यांच्या आया, दोन रिक्षावाले, सगळ्यांनी साठ प्रती रंगवल्या. रेष एकच, रंग ज्याचा त्याचा. एका आजीने अंधार जांभळा केला. एकाने बाईची साडी लाल केली, तर दुसरी म्हणाली, रात्री लाल दिसत नाही, तू कधी गेलायस का तिथे? त्या वाक्यावर पुरुषांची बाजू बराच वेळ गप्प होती. हे फ्लेक्सच्या दुकानात होत नाही.

झेरॉक्सचा कागद पातळ, ओला झाला की सुरकुततो. रंग थोडा घट्ट घ्यावा, पाणी कमी. खळ मैद्याची, पातळ, आणि फक्त भिंतीला आणि कागदाच्या पाठीला लावायची. वरून ब्रश फिरवला की रंग उठला. आमचे पहिले पाच-सहा कागद असेच गेले.

आता काका. साठ प्रतींचं काम चालू असताना आमच्यातल्या काही तरुणांनी ठरवलं की याच पद्धतीने महापरिनिर्वाण दिनाला बाबासाहेबही लावायचे. निळ्या रंगाचे ओघळ असलेले, 'आधुनिक' दिसणारे. काका आले, कागद पाहिला आणि म्हणाले, "पाऊस कशाला पाहिजे, टँकरचं पाणी उडालं तरी पुरे. कोटाचा रंग डोळ्यांपर्यंत जाईल. सकाळी लोक काय म्हणतील, रंग सुटला? का कुणी काही टाकलं?"

खोलीतला आवाज बंद झाला. मुंबईत रमाबाई नगरमध्ये ११ जुलै १९९७ ला पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या गोळीबारात दहा माणसं गेली. आपल्या लोकांसाठी सार्वजनिक जागेतला बाबासाहेबांचा चेहरा हा नुसता कलेचा विषय नाही. तो इथे आम्ही राहतो याचा पुरावा आहे आणि म्हणून त्यावर हल्ला होतो. ओघळणाऱ्या रंगातलं सौंदर्य दाखवण्यासाठी ती जोखीम वस्तीने का घ्यावी? जोखीम ज्याची, त्यानेच ती घ्यायची की नाही हे ठरवावं.

एका मित्राने प्रतिवाद केला. बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ ला, राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. मग चेहऱ्याला एवढं सोवळं कशाला? मुद्दा बिनतोड आहे, पण इथे लागू होत नाही. भक्ती म्हणजे प्रश्न विचारणं सोडणं. आम्ही प्रश्न सोडला नाही, चेहरा कुठल्या रंगात काढायचा एवढंच ठरवलं. त्या दिवसापासून आमचा नियम: बुद्ध, बाबासाहेब, रमाई, जोतिबा, सावित्रीबाई यांची चित्रं रस्त्यावर सुटणाऱ्या रंगात लावायची नाहीत. ती काका रंगवतील, पक्क्या रंगात, आणि पोरं शिडीखाली उभी राहतील. सुटणारा रंग मागण्यांसाठी. दाराची मागणी भिंतीवर वीस वर्षं टिकावी अशी आमची इच्छा नाही.

दुसरा नियम कायद्याचा आहे आणि तो उत्साही पोरांनी नीट वाचावा. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे. सरकारी भिंतीवर परवानगीशिवाय कागद लावला की त्यात सापडता येतं. फ्लेक्सवाल्यांना तो किती लागतो ते आपण पाहतो, पण आपल्या पोराला तो पटकन लागेल. पोलीस भरतीची तयारी करणारी, पासपोर्ट काढू पाहणारी मुलं आपल्यात असतात. एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत नाव अडकतं. विदेशातल्या स्ट्रीट आर्टिस्टांचं रात्रीचं धाडस व्हिडिओत बघायला छान वाटतं, त्यांची भरती अडकत नाही. आम्ही साठही प्रती घरमालकांना विचारून घरांच्या भिंतींवर, दुकानांच्या शटरवर आणि विहाराच्या बाहेरच्या फळ्यावर लावल्या. वॉर्ड ऑफिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशी बावीस घरं निघाली, ज्यांनी हो म्हटलं. चारांनी नाही म्हटलं. 'संडासाचं चित्र दारावर नको' म्हणाले. त्या चारांशी बोलायला अजून जायचं आहे.

कागद अकरा दिवस राहिले. काही उन्हाने उडाले, काही गुरांनी खाल्ले. मैद्याची खळ, त्यांना काय. एका रात्री अवकाळी पाऊस आला आणि उरलेल्यांतले बहुतेक लगदा झाले. तोवर वॉर्डातला माणूस दोनदा येऊन गेला होता. तीनपैकी दोन दारं बसली. तिसऱ्याची चौकट सडलेली आहे, म्हणे नवीन टेंडर लागेल. आम्ही याचं श्रेय चित्रांना देत नाही. अर्ज होते, महिला मंडळाचा मोर्चा होता, निवडणूक जवळ होती. पण मोर्चाला पहिल्यांदाच त्या बायका आल्या ज्यांनी अंधार रंगवला होता.

कला महाविद्यालयातल्या मित्रांनो, तुम्ही आम्हाला म्हणता की हे ना धड जलरंग, ना धड पॉप, ना धड स्ट्रीट आर्ट. बरोबर आहे. मग येऊन दुरुस्त करा. आम्हाला जाड पण स्वस्त कागद कुठला घ्यावा हे कळत नाही. मोठ्या आकाराची झेरॉक्स महाग पडते, ती तुकड्यांत जोडली तर सांधा दिसतो. सपाट वॉश देताना कडेला रेघ राहते, ती का राहते हे पोरं विचारतात आणि आमची समाजशास्त्राची डिग्री तिथे कामाला येत नाही.

तिसऱ्या दाराचं चित्र काढायचं ठरलं आहे. यंदा ते त्या मुलीने नाही, तिच्या लहान भावाने काढायचं, असं तिनेच सांगितलं. तो म्हणतो, पुरुषांच्या बाजूला तर सगळी दारं आहेत, मी काय काढू? रविवारी चारला विहाराच्या मागच्या खोलीत या. पेटी असेल तर आणा, वाळलेली असली तरी चालेल.